चित्र नेमके कुठे अडते? मोबाइल ॲपमधील संथ चित्रांचा आढावा

ॲप उघडले की चौकटी रिकाम्या दिसतात, यादी वर सरकवली की स्क्रीन अडखळते आणि काही क्षणांनी सगळी चित्रे एकदम येऊन आदळतात. ही तक्रार स्मार्टफोनइतकीच जुनी आहे आणि ‘नेट स्लो असेल’ हे तिच्यावरचे ठरलेले उत्तरही तितकेच जुने. पण भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला, ऑक्टोबर २०२२ मध्ये ५-जी आले, फोनचे प्रोसेसर कितीतरी पटींनी वेगवान झाले, तरी तक्रार संपलेली नाही. एवढे सगळे सुधारूनही दुखणे जागच्या जागी राहत असेल, तर निदान तपासून पाहायला हवे. संथ चित्रांच्या बहुतेक प्रकरणांत एकच मूळ दोष सापडतो, असे माझे म्हणणे आहे. स्क्रीनवरच्या चौकटीला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पिक्सेल आपण आणतो, उलगडतो आणि मेमरीत साठवतो. नेटवर्क, फाइलचा फॉरमॅट, कॅशे, लायब्ररी यांचे प्रश्न खरे आहेत. पण पिक्सेलचा हिशेब चुकलेला असताना त्यांच्यावर घेतलेली मेहनत बरीचशी वाया जाते.

चित्र स्क्रीनवर येईपर्यंत चार टप्पे पार पडतात. सर्व्हरवरून फाइल खाली उतरते. मग ती डीकोड होते, म्हणजे आवळून ठेवलेल्या फाइलमधून प्रत्येक पिक्सेलचा रंग मोकळा होतो. हे पिक्सेल ग्राफिक्स प्रोसेसरकडे, म्हणजे जीपीयूकडे, सोपवले जातात. शेवटी चौकटीच्या मापात बसवून, कोपरे गोल करून, सावली देऊन चित्र प्रत्यक्ष रंगवले जाते. वापरणाऱ्याला या चारही टप्प्यांतला उशीर सारखाच दिसतो, म्हणून ‘चित्र स्लो आहे’ या वाक्यातून निदानाला काहीच हाती लागत नाही. त्यातच वेळेचे गणित कडक आहे. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेम तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर फक्त ८.३. त्या अवधीत मुख्य थ्रेडचे काम उरकले नाही तर फ्रेम चुकते आणि बोटाखालची यादी अडखळते. स्क्रीन जितकी महाग आणि गुळगुळीत, तितकी ही सवलत कमी होत गेली आहे.

आता हिशेब मांडू. येवल्याच्या पैठण्या विकणारे एखादे ॲप कल्पनेत घ्या. विक्रेता आपल्या फोनने फोटो काढतो. फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल. जेपीईजी फाइल सुमारे ४ एमबी. यादीतली चौकट मात्र ४०० बाय ३०० पिक्सेलची आहे. डीकोड झाल्यावर प्रत्येक पिक्सेलला सर्वसाधारणपणे ४ बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांना प्रत्येकी एक. म्हणजे मूळ फोटो मेमरीत ४८ एमबी जागा घेतो आणि चौकटीला खरी गरज असते ०.४८ एमबीची. शंभरातला एक पिक्सेल दिसतो. उरलेले नव्व्याण्णव आणले जातात, उलगडले जातात आणि टाकून दिले जातात. स्क्रीनवर अशा आठ साड्या असतील तर ३८४ एमबी विरुद्ध ४ एमबीपेक्षाही कमी असा हा सामना आहे. यात कळीची गोष्ट अशी, की मेमरीतला भार फाइलच्या वजनावर अवलंबून नसतो, लांबी-रुंदीवर असतो. ४ एमबीची फाइल दाबून १ एमबी केली, पण मापे तीच ठेवली, तर डीकोड झाल्यावर ती पुन्हा ४८ एमबीच होते. ॲपलने २०१८ च्या आपल्या डेव्हलपर परिषदेत हाच मुद्दा ठासून मांडला होता. तरीही ‘इमेज कॉम्प्रेस केली आहे’ हे वाक्य आजही काम झाल्याचा पुरावा म्हणून सांगितले जाते.

पहिला टप्पा नेटवर्कचा. १० एमबीपीएस वेगाच्या जोडणीवर ४ एमबीची फाइल यायला ३ सेकंदांहून जास्त वेळ लागतो. त्याच चित्राची ४० केबीची लहान प्रत सेकंदाच्या तीस-बत्तीसाव्या भागात येते. शिवाय टीसीपी जोडणी पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगाने वाहत नाही. सर्व्हर सुरुवातीला साधारण १४ केबी पाठवतो, पोच मिळाली की मात्रा दुप्पट करतो. या चालीने ४० केबीचे चित्र दोन फेऱ्यांत पोचते. ४ एमबीला सगळे सुरळीत असतानाही नऊ फेऱ्या लागतात. म्हणजे ज्याला आपण नेटवर्कचा संथपणा म्हणतो, त्यातलाही मोठा हिस्सा पिक्सेलच्या उधळपट्टीतूनच येतो. नेटवर्कचे स्वतःचे दोषही आहेत आणि ते वेगळे ओळखावे लागतात. नव्या जोडणीसाठी पत्ता शोधणे, टीसीपीची ओळख, टीएलएसची ओळख आणि मग मागणी अशा फेऱ्या होतात. एका फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर पहिला बाइट यायच्या आधीच जवळपास ४०० मिलिसेकंद गेलेले असतात. चित्रे चार वेगवेगळ्या डोमेनवर विखुरलेली असतील तर हा खर्च चारदा होतो. अँड्रॉइडवर सर्रास वापरली जाणारी ओके-एचटीटीपी ही लायब्ररी मुळात एका होस्टकडे एका वेळी पाचच मागण्या पाठवते. त्या पाच जागा वर निघून गेलेल्या, आता कोणी पाहत नसलेल्या चित्रांनी अडवल्या, तर डोळ्यांसमोरची चौकट रांगेत मागे उभी राहते. चौकट स्क्रीनबाहेर गेली की तिची मागणी रद्द करणे हा यावरचा साधा, पण वारंवार विसरला जाणारा उपाय आहे.

दुसरा टप्पा डीकोडचा, आणि सर्वात कमी लक्ष जाते ते इथेच. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपीईजीचा पाया ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती रूपांतरावर आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडते आणि प्रत्येक ठोकळ्याची सरासरी छटा व तिच्याभोवतीचे बारकावे वेगवेगळे लिहून ठेवते. या रचनेमुळे एक मोठी सोय आपोआप मिळाली आहे. लहान चित्र हवे असेल तर बारकावे सोडून देऊन, अगदी टोकाला गेल्यास ठोकळ्यामागे एकच पिक्सेल काढून, अर्ध्या, पाव किंवा एक-अष्टमांश मापाचे चित्र थेट डीकोड करता येते. अँड्रॉइडमधली ‘इन सॅम्पल साइझ’ ही सोय याचा लाभ घेते. तिथे ८ हा आकडा दिला की ४००० बाय ३००० चे चित्र ५०० बाय ३७५ होऊन उतरते आणि ४८ एमबीऐवजी पाऊण एमबीत मावते. वेळ मात्र चौसष्टपट वाचत नाही, कारण आवळलेला मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावाच लागतो. पीएनजीत तर ही सोयच नाही. त्यात एक ओळ वरच्या ओळीच्या आधाराने लिहिलेली असू शकते, त्यामुळे सगळे उलगडल्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणूनच फोटोंसाठी पीएनजी वापरणे दुहेरी तोट्याचे ठरते, आणि म्हणूनच फोनवर चित्र लहान करण्यापेक्षा सर्व्हरवरूनच लहान प्रत मागवणे केव्हाही सरस.

डीकोड कुठे होते, हेही पाहावे लागते. मध्यम किमतीच्या फोनवर १२ मेगापिक्सेलचा फोटो उलगडायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागले तर नवल नाही. हे काम मुख्य थ्रेडवर झाले तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर सलग सहा-सात फ्रेम बुडतात. आयओएसवर यात एक फसगत दडलेली आहे. तिथे ‘यूआय-इमेज’ तयार झाली म्हणजे चित्र उलगडले असे नसते; ते पहिल्यांदा दाखवायची वेळ येते तेव्हा, आणि अनेकदा मुख्य थ्रेडवरच, उलगडते. डेव्हलपर लोड होण्याची वेळ मोजतो, ती छान येते आणि स्क्रोल तरीही अडखळतो. २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत ॲपलने चित्र आधीच उलगडून ठेवण्याची आणि लहान मापात तयार करून घेण्याची स्वतंत्र सोय दिली. अँड्रॉइडचा इतिहास मेमरीभोवती फिरतो. ३.० ते ७.१ या आवृत्त्यांत चित्रांचे पिक्सेल जावाच्या मर्यादित हीपमध्ये राहत, म्हणून मेमरी संपल्याच्या चुकीने ॲप कोसळणे नित्याचे होते. २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून ते नेटिव्ह मेमरीत गेले आणि हे कोसळणे बरेच कमी झाले. पण भार नाहीसा झाला नाही, त्याची जागा बदलली. मेमरी कमी पडली की सिस्टिम मागची ॲप्स बंद करते. वापरणारा दोन मिनिटांनी परत येतो तेव्हा तेच ॲप पहिल्यापासून उभे राहते आणि सगळी चित्रे पुन्हा उलगडली जातात. १०८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांनी तर ही उधळपट्टी टोकाला नेली. १२००० बाय ९००० चे चित्र पूर्ण मापात उलगडले तर ४३२ एमबी होते; अँड्रॉइडच्या अनेक आवृत्त्या सुमारे १०० एमबीहून मोठे चित्र रंगवायलाच नकार देतात आणि ॲप बंद पडते.

मग दोष नेमक्या कोणत्या टप्प्यात आहे, हे ठरवायचे कसे? अंदाजाने सुरुवात केली की आठवडा जातो. तीन साध्या चाचण्यांनी निम्म्याहून अधिक निदान होते. पहिली चाचणी: यादी एकदा पूर्ण पाहून घ्यावी, ॲप बंद करावे, फोन एअरप्लेन मोडवर टाकून यादी पुन्हा उघडावी. चित्रे दिसली पण तितकीच अडखळत दिसली, तर नेटवर्क निर्दोष सुटले. दिसलीच नाहीत, तर डिस्कवरची कॅशे काम करत नाही, आणि हा शोधही मोलाचा आहे. दुसरी चाचणी: सगळ्या चित्रांच्या जागी त्याच मापाचा एकरंगी चौकोन ठेवावा. तरीही स्क्रोल अडखळला तर दोष मांडणीचा आहे, चित्रांचा नाही. तिसरी चाचणी: सर्व चौकटींत ॲपसोबतच आलेले, बरोबर चौकटीच्या मापाचे लहान चित्र दाखवावे. आता सगळे सुरळीत चालले, तर डीकोड आणि पिक्सेल यांच्यावरच बोट ठेवता येते. यानंतर साधने हाती घ्यावीत. अँड्रॉइडवर परफेट्टो आणि डेव्हलपर ऑप्शन्समधले फ्रेमचे आलेख, आयओएसवर इन्स्ट्रुमेंट्स, आणि फ्लटरमध्ये तर चौकटीपेक्षा फार मोठे उलगडलेले चित्र रंग पालटून उलटे दाखवणारी तपासणीची सोय आहे. ही सोय एकदा चालू करून पाहिली तर अर्धी यादी उलटी दिसू शकते, आणि मग वाद घालायला जागाच उरत नाही. वेळेची मोजमापे मात्र रिलीज बिल्डवर आणि साध्या फोनवर घ्यावीत. डीबग बिल्डवरचे आकडे दिशाभूल करतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: हे सगळे लायब्ररी करतेच, मग आपण कशाला डोके लावायचे? ग्लाइड, कॉइल, फ्रेस्को, किंगफिशर, एसडी-वेब-इमेज या लायब्रऱ्यांनी मोठे काम केले आहे आणि स्वतःचे लोडर लिहीत बसण्यापेक्षा त्या वापराव्यात, यात शंका नाही. पण प्रत्येकीची एक अट आहे: चौकट केवढी, हे तिला कळले पाहिजे. ग्लाइड चौकटीचे माप पाहून चित्र लहान करते. मात्र चौकटीची उंची ‘आशयाप्रमाणे’ अशी मोकळी सोडली, तर तिला माप सापडत नाही आणि ती पूर्ण स्क्रीनचे माप धरते. फ्रेस्कोला लहान मापाची सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागते. फ्लटरमध्ये डीकोडची रुंदी-उंची वेगळी सांगितली नाही तर चित्र मूळ मापातच उलगडते. डीकोड मागच्या थ्रेडवर नेले की मुख्य थ्रेड मोकळा होतो हे खरे. पण पिक्सेल तितकेच राहतात, बॅटरी तितकीच खर्च होते आणि वेगाने स्क्रोल करणाऱ्यासमोर रिकाम्या चौकटींची रांग लागते. लायब्ररी काम नीट करते, पण कामाचे माप तिला आपणच सांगावे लागते.

दुसरा आक्षेप नव्या फॉरमॅटचा. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणला, आयओएसवर तो २०२० मध्ये चौदाव्या आवृत्तीपासून चालू लागला. एव्हीआयएफ अँड्रॉइड १२ आणि आयओएस १६ पासून चालतो. गूगलच्या म्हणण्यानुसार वेबपीची फाइल तुलनीय दर्जाच्या जेपीईजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान असते. एव्हीआयएफ त्याहून लहान होऊ शकते. हा फायदा घ्यावाच. पण तो फक्त पहिल्या टप्प्याचा आहे. डीकोड झाल्यावर फॉरमॅट कोणताही असो, पिक्सेल सर्वसाधारणपणे ४ बाइटच घेतो, आणि एव्हीआयएफ उलगडायला जेपीईजीपेक्षा अधिक कष्ट पडतात. फॉरमॅट बदलून एक-तृतीयांश वाचते, माप बरोबर ठेवले तर शंभरपट. क्रम कोणता असावा हे या दोन आकड्यांतच स्पष्ट आहे.

तिसरा आक्षेप कॅशेचा: पहिल्यांदा वेळ लागेल, पुढे तर कॅशे आहेच ना. कॅशेलाही मर्यादा असते. फ्लटरची मेमरी कॅशे मुळात १०० एमबीची आहे. पूर्ण मापातली चित्रे असतील तर तिच्यात दोनच मावतात. तिसरे आले की पहिले बाहेर जाते आणि वर सरकताना पुन्हा उलगडावे लागते. बरोबर मापाची असतील तर दोनशेहून जास्त मावतात. कॅशे आहे की नाही यापेक्षा तिच्यात काय भरले आहे, यावर तिचा उपयोग ठरतो. तिला निकामी करणारा आणखी एक दोष हमखास आढळतो. सुरक्षिततेसाठी चित्राच्या पत्त्याला मुदतीची सही जोडलेली असते आणि सर्व्हर दर वेळी नवी सही देतो. पत्ता बदलला की कॅशेच्या लेखी ते नवेच चित्र ठरते, आणि काल पाहिलेली साडी आज पुन्हा डाउनलोड होते. कॅशेची किल्ली म्हणून सहीसह आलेला पत्ता न घेता चित्राची कायमची ओळख घ्यावी, एवढाच उपाय आहे.

चौथा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो: दर्जाचे काय? पैठणी घेणाऱ्या बाईंना पदरावरचा मोर आणि काठाची जर बारकाईने पाहायची असते. चित्र लहान केले तर विश्वासच उडेल. ही चिंता रास्त आहे, पण बारकावे यादीत पाहिले जात नाहीत. यादीला ४०० पिक्सेलची प्रत, साडी उघडल्यावर १२०० पिक्सेलची, आणि दोन बोटांनी मोठे केल्यावर मूळ फोटोचा फक्त दिसणारा भाग, अशा तीन पायऱ्या ठेवता येतात. मोठ्या चित्राचा हवा तेवढाच तुकडा उलगडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहेच. उलट दर्जा जातो तो चुकीच्या ठिकाणी काटकसर केल्याने. जेपीईजी सहसा रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलांमागे एकदाच ठेवते, त्यामुळे लाल काठावरची बारीक जर पुसट होऊ शकते. अशा मालासाठी मोठ्या प्रतीत रंग पूर्ण ठेवावेत. पिक्सेलमागे ४ ऐवजी २ बाइट वापरले तर मेमरी निम्मी होते, पण पारदर्शकता जाते आणि हळुवार छटांत पट्टे उमटतात. नेमके किती पिक्सेल हवेत हे कळले, की त्या पिक्सेलांवर कंजुषी करावी लागत नाही.

लहान संघाला हे परवडणार नाही, असेही म्हटले जाते. प्रत्यक्षात फोटो सर्व्हरवर येताच दोन लहान प्रती काढून ठेवणे हे एका पार्श्वकामाचे ओझे आहे. लिब-व्हिप्ससारखी मोफत साधने ते करतात आणि या प्रतींची एकत्रित जागा मूळ फाइलच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहते. त्याच्याही आधी, फोटो पाठवणाऱ्या फोनवरच तो आवश्यक मापात आणता येतो. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपमधून शेतातल्या पिकाचा फोटो नोंदवतात. बांधावर जोडणी कधी असते, कधी नसते. अशा कोणत्याही ॲपमध्ये पाठवण्याआधी माप ठरवणे हा केवळ वेगाचा प्रश्न राहत नाही, नोंद होण्या-न होण्याचा प्रश्न होतो.

हिशेब बरोबर असूनही संथपणा उरतो, अशी प्रकरणे आहेत आणि ती लपवण्याचे कारण नाही. गोल कोपरे व सावल्या प्रत्येक फ्रेमला वेगळ्या रंगवाव्या लागल्या, एकावर एक पारदर्शक थर चढवले, ॲनिमेटेड जीआयएफ यादीभर चालू ठेवल्या, तर जीपीयू दमतो. गेमची गोष्ट निराळी. तिथे एएसटीसीसारखे, जीपीयूतही आवळलेलेच राहणारे फॉरमॅट लागतात. चित्र येईपर्यंत धूसर रंगछटा दाखवणारी ब्लर-हॅशसारखी युक्ती वाट पाहणे सुसह्य करते आणि लांबी-रुंदीचे प्रमाण आधी कळवले तर मांडणी उड्या मारत नाही. या गोष्टी कराव्यात, मात्र मूळ दोष काढल्यानंतर. तीन सेकंदांचा उशीर धूसर छटेने झाकला, तरी ते तीन सेकंद, तो डेटा आणि ती बॅटरी वापरणाऱ्याच्याच खिशातून जाते.

हा दोष इतका टिकून राहतो याचे कारण तांत्रिक अज्ञानात कमी आणि कामाच्या वाटणीत जास्त आहे, असे मला वाटते. डिझायनर चौकट आखतो, सर्व्हर सांभाळणारा पत्ता देतो, ॲप लिहिणारा तो पत्ता चौकटीला जोडतो. मधले माप कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्यातून तपासणी होते ती भारी फोनवर, ऑफिसच्या वाय-फायवर, पंधरा नमुना चित्रांसह. किंमत मोजतो तो तीन-चार जीबी मेमरीचा फोन वापरणारा, ज्याच्या फोनवर आणखी दहा ॲप्स जागेसाठी भांडत असतात. म्हणून माझा आग्रह असा, की चित्राचे माप हा करारातला भाग असावा. डिझाइनमध्ये प्रत्येक चौकटीपुढे पिक्सेल लिहिलेले असावेत, सर्व्हरने मागितलेल्या मापाचीच प्रत द्यावी, आणि चौकटीपेक्षा दुपटीहून मोठे चित्र उलगडले तर चाचणी नापास व्हावी. स्क्रीनची घनता लक्षात घेऊनही एवढी मोकळीक पुरते. असे झाले की पुढची तक्रार येईल तेव्हा नेटवर्कपासून सावलीपर्यंतच्या उरलेल्या कारणांचा तपास अंदाजाने नव्हे, मोजमापाने करता येईल. आणि स्वस्त फोन ही कोणाच्याही संथ ॲपची सबब राहणार नाही.